पत्रातला गुंड्या

लखनौच्या एका सरकारी प्रयोगशाळेत राजाराम खांबेटे काच फुंकायचे. म्हणजे शास्त्रज्ञ लोकांना ज्या नागमोडी नळ्या, ढेरपोटे चंबू आणि एकात एक अडकवलेली नळकांडी लागतात, ती ज्योतीवर काच तापवून, तोंडानं हवा भरून बनवायचे. शास्त्रज्ञ ती फोडायचे, राजाराम जोडायचे, आणि हा व्यवहार बावीस वर्षं दोन्ही बाजूंनी अगदी नेमानं चालला होता. या कामात श्वास राखून ठेवावा लागतो. त्यामुळे असेल, पण बोलण्यात तो खर्च करायला राजाराम फारसे राजी नसत. लिहिण्यात तर नाहीच. लतिकाबाई माहेरी मिरजेला गेल्या की त्यांना नवऱ्याचं पत्र येई ते असं: 'येथील सर्व क्षेम. तिकडील क्षेम कळवणे. दूधवाला बदलला. बाकी भेटीअंती.' पुढल्या वर्षी दूधवाल्याच्या जागी धोबी.

अशा या माणसानं १९७८ सालच्या उन्हाळ्यात, साडेतीन महिन्यांत, एकोणीस पत्रं लिहिली. त्यातली सतरा लांबलचक आणि खोटी होती. आणि ती सतराही एका कुत्र्याबद्दल होती.

गुंड्या जातिवंत वगैरे काही नव्हता. निशातगंजच्या भाजीबाजारात एका टोपलीत, दुधी भोपळ्यांच्या मधोमध झोपलेला लतिकाबाईंना सापडला. मुलगा चारुदत्त नुकताच रुडकीला हॉस्टेलवर गेला होता, घर खायला उठत होतं. "अहो, दोन दिवस राहू दे," असं म्हणून त्यांनी आणला, आणि दोन दिवसांची चार वर्षं झाली. रंग तांबूस, एक कान उभा, दुसरा नेहमी सुट्टीवर. शेजारचे सक्सेनाजी त्याला 'गुंडे मियाँ' म्हणत. सक्सेनाजी कोर्टकचेरीतून रिटायर झालेले पेशकार, म्हणजे जज्जांचे कारकून. कुत्र्याशीसुद्धा 'आप' म्हणून बोलत. "अजी गुंडे मियाँ, ज़रा तशरीफ़ हटाइए, हमारी कुर्सी है."

गुंड्याची पहिली खोड चपलांची. राजारामांच्या घरात मराठी शिस्त. बाहेरचं पायताण उंबऱ्याशी. लखनौचे पाहुणे बिचारे नाड्या-बिड्या सोडून बूट काढून ठेवत. गुंड्या त्यातला एकच उचले. चावत नसे, फाडत नसे. दिवाणाखाली नेऊन त्यावर अंडं उबवल्यासारखा बसे. पाहुणा चहा घेऊन, बिस्किट खाऊन निवांत झाला की मगच तो उठणार. त्याआधी सरकार आलं तरी नाही. पाहुणे लखनौचे, त्यामुळे 'माझा बूट कुठाय' असं म्हणणं त्यांच्या जिवावर येई. उठत, पुन्हा बसत. "अब इजाज़त दीजिए" म्हणत आणि पायांकडे बघत. एक वकीलसाहेब तर राजारामांच्या न्हाणीघरातल्या स्लिपर घालून घरी गेले, आणि वर म्हणाले, "बड़ी आरामदेह हैं, साहब." राजारामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लतिकाबाई मात्र दाराआड पदर तोंडात कोंबून हसत होत्या.

दुसरी खोड कुकरची. तिसऱ्या शिटीला गुंड्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राही. चौथी झाली की भुंकायला लागे, आणि गॅस बारीक करेपर्यंत थांबत नसे. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. लतिकाबाई त्याच्या भरवशावर शेजारी गप्पा मारत बसत. 'आंघोळ' हा शब्द कानावर पडला की तो सक्सेनाजींच्या खाटेखाली आश्रयाला. म्हणून घरात 'अभ्यंग' म्हणायला सुरुवात केली, तर आठवड्यात त्याला तोही कळला. आणि दरवर्षी नोव्हेंबरात राजारामांनी कानटोपी चढवली की पहिले आठ दिवस तो घरच्या मालकालाच फाटकातून आत घेत नसे. दूधवाला खुशाल आत, पेपरवाला आत, मालक बाहेर. "अगं, याला आवर!" असं ते रस्त्यातून ओरडत, आणि लतिकाबाई आतून म्हणत, "टोपी काढा, म्हणजे ओळखेल."

राजारामांना या सगळ्याचा मनापासून वैताग होता. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढची पत्रं वाचून कुणाचाही गैरसमज व्हावा.

मार्चअखेर मिरजेहून तार आली. लतिकाबाईंच्या आई न्हाणीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. लतिकाबाई दुसऱ्याच दिवशी निघाल्या. होल्डॉल बाहेर काढला तर त्यात आधी गुंड्या जाऊन झोपला. त्याला उचलून बाजूला ठेवला, पुन्हा जाऊन झोपला. शेवटी त्याच्या पोटाखालून पट्टे ओढून होल्डॉल बांधावा लागला. रिक्षात बसताना लतिकाबाई एवढंच म्हणाल्या, "माझ्या आईचं मी बघते. याचं तुम्ही बघा. बास, दुसरं काही मागत नाही."

"अगं, बघतो की," राजाराम म्हणाले.

पहिले दोन आठवडे त्यांनी बघितलं. पण ते साडेनवाला प्रयोगशाळेत जात आणि साडेपाचला येत, आणि त्या आठ तासांत गुंड्या गळा काढून रडे. दोरीवरची लतिकाबाईंची साडी ओढून तिच्यावर लोळे. भाकरीकडे बघे, मग राजारामांकडे बघे, आणि तोंड फिरवी. शेजाऱ्यांनी तक्रार केली, पण लखनौच्या रीतीनं. सक्सेनाजी कुंपणापाशी येऊन म्हणाले, "खांबेटे साहब, आपके साहबज़ादे की आवाज़ में बड़ा दर्द है."

राजाराम म्हणाले, "थँक यू."

चार दिवसांनी पुन्हा, "भई, ऐसा गला कि दोपहर की नींद क़ुर्बान कर दे आदमी."

राजारामांना वाटलं, लोकांना कुत्रा आवडतोय. प्रयोगशाळेतल्या ड्रायव्हरनं खुलासा केला, "साहब, वो कह रहे हैं कि सोने नहीं देता." तेव्हा कुठे ते ओशाळले. सक्सेनाजींकडे जाऊन त्यांनी माफी मागितली. सक्सेनाजींनाच जास्त वाईट वाटलं. त्यांनीच तोड काढली. मलिहाबादला त्यांचे जुने स्नेही खाँसाहेब, त्यांची आंब्याची बाग. फळ धरलंय, राखणीला कुत्रा लागतोच. मोकळी जागा, माणसं दिवसभर सोबतीला. लतिकाबाई यायच्या आधी घेऊन यायचा. पंचवीस किलोमीटर तर आहे.

रविवारी राजाराम गुंड्याला बसनं मलिहाबादला घेऊन गेले. सगळा रस्ता तो खिडकीतून तोंड बाहेर काढून बसला होता, कुठेतरी लग्नाला निघाल्यासारखा. बागेत त्याला झाडाशी बांधला. परतीच्या बसमध्ये राजारामांना अगदी मोकळं वाटलं. घरी येऊन ते दुपारभर शांत झोपले. ती झोप त्यांना पुढं फार वर्षं सलत राहिली.

त्याच आठवड्यात लतिकाबाईंचं पत्र आलं. आईचा पाय हॉस्पिटलात वजनं लावून टांगलाय, आई चिडचिड करते, रडते. शेवटी एक ओळ होती, 'गुंड्या जेवतो ना?' राजाराम खरं लिहायलाच बसले होते. 'गुंड्याला' इथपर्यंत लिहिलंही. मग वाटलं, ती तिथं रात्रंदिवस उशाशी बसलेली. तिच्या डोक्याला आणखी हे कशाला? त्याला परत आणला की सांगू. म्हणून 'ला' खोडला आणि लिहिलं, 'गुंड्या मजेत आहे.' पण दोन शब्दांवर तिचा विश्वास बसायचा नाही. म्हणून पुढे लिहिलं की काल मी कुकर लावला, पेपर वाचत बसलो, चौथ्या शिटीला हा येऊन माझ्यावर असा भुंकला की मला वाटलं, तूच आलीस.

हे वाक्य त्यांनी परत वाचलं आणि ते एकटेच हसले. मग अंतर्देशीय पत्राची तिन्ही पानं भरली, आणि चिकटवायच्या पट्टीवरही चार ओळी लिहिल्या.

उत्तर आलं ते असं: 'तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. पडल्यापासून आज पहिल्यांदा हसली. पायाला हिसका बसला म्हणून ओरडली आणि पुन्हा हसली. शेजारच्या कॉटवरच्या बाईंनीही ऐकलं. आणखी लिहा. तुम्हांला इतकं लिहिता येतं हे पंचवीस वर्षांत मला कळलं नव्हतं हो.'

या शेवटच्या वाक्यानं राजारामांचा घात केला.

मग पत्रांमागून पत्रं निघाली. मीटर बघायला आलेल्या माणसाचा बूट गुंड्यानं नेला आणि तो एका पायावर मीटर वाचून गेला. गुंड्यानं अर्धी काकडी खाल्ली, कडू लागली म्हणून उरलेली सक्सेनाजींच्या पानदानाशेजारी ठेवून आला. जे झालं होतं ते काल झालं म्हणून, जे झालं नव्हतं ते झालं म्हणून. लिहिता लिहिता त्यांना अशा गोष्टी आठवत गेल्या, ज्यांच्याकडे त्यांनी कधी धड पाहिलंही नव्हतं. पाणी प्यायच्या आधी तो भांड्यात एकदा वाकून बघायचा, आपलं तोंड दिसतं का म्हणून. बसण्यापूर्वी तीन फेऱ्या मारायचा, आणि तिसरी नेहमी उलटी. हे आपल्या लक्षात होतं? राजाराम पेन थांबवून दाराकडे बघत, आणि दारात कुणी नसे.

संध्याकाळी पत्र पुरं झालं की ते कुंपणाशी जाऊन सक्सेनाजींना हिंदीत त्याचा मजकूर सांगत. सक्सेनाजी डोळे मिटून ऐकत. "वाह," म्हणत. "क्या लिखते हैं आप. जैसे सामने बैठा हो." मग मान खाली घालून पानाला चुना लावत बसत. राजारामांना वाटे, मजकूर भिडला.

आणि दर रविवारी मलिहाबादला जायचं ठरे. एका रविवारी अंग भाजणारी लू वाहत होती. एकदा बसचा संप होता. एकदा नुसताच कंटाळा आला. खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती राजारामांनाही अर्धवट कळत होती. पत्रातला गुंड्या रडत नसे, अंगणात घाण करत नसे, त्याला आंघोळ घालावी लागत नसे. त्याच्यावर माया करायला फार सोपं होतं.

जुलैच्या सुरुवातीला लतिकाबाईंनी कळवलं: 'आई काठी घेऊन चार पावलं टाकते. सोळा तारखेला झाशीला गाडी बदलून येते. गुंड्याला स्टेशनवर आणा.'

राजाराम त्याच रविवारी मलिहाबादला गेले. खिशात नवीन पट्टा होता. खाँसाहेब बागेच्या दारातच भेटले, मिठी मारली, खाटेवर बसवलं.

"गुंड्या कुठाय?"

"बताते हैं, बताते हैं. पहले आम नोश फ़रमाइए."

बादलीत गार पाण्यात चौसा आंबे पडले होते. राजारामांनी एक खाल्ला. मग दुसरा. खाँसाहेब स्वतः कापून देत होते. राजाराम खुशीत येऊन त्यांना त्या मीटरवाल्याची गोष्ट सांगू लागले. पाचवा आंबा हातात होता तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण एवढं मोठ्यानं बोलतोय, तरी बागेतून कुणीही धावत आलेलं नाही.

"खाँसाहब?"

खाँसाहेबांनी सुरी खाली ठेवली. "जनाब, भूखे मेहमान को ऐसी बात कैसे कहता. वो तो अप्रैल में ही चला गया."

दावं कुरतडून गुंड्या बागेबाहेर गेला होता, आणि बस थांबते त्या वळणावर आठ दिवस बसला होता. खाँसाहेबांची माणसं त्याला भाकरी तिथं नेऊन देत. लखनौकडून बस आली की उठायचा, उतरणारी माणसं वास घेऊन बघायचा, आणि परत बसायचा. दोनदा उचलून बागेत आणला, दोनदा परत गेला. नवव्या दिवशी नव्हता. काकोरीपर्यंत माणूस पाठवून शोधला.

"मुझे ख़बर क्यों नहीं दी?" राजारामांच्या हाताला आंब्याचा रस तसाच होता.

"दी थी, साहब. उसी हफ़्ते. सक्सेनाजी को चिट्ठी लिखी थी."

राजाराम परतीच्या बसनं आले आणि हात न धुता सक्सेनाजींच्या दारात उभे राहिले. सक्सेनाजी त्यांचं तोंड बघूनच उठले. त्यांनी खुर्ची पुढे केली. मग म्हणाले, "आप उस दिन इतने शौक़ से ख़त सुना रहे थे, खांबेटे साहब. मीटर वाला. मैंने सोचा, आज नहीं, कल कह दूँगा. कल आप दूसरा ले आए."

राजारामांना त्यांच्यावर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. पण आठ दिवस तो त्या वळणावर बसला होता, त्यातला एक रविवार होता. त्या रविवारी आपण काय करत होतो, हे त्यांना नीट आठवत होतं. तिसरं पत्र, ते कुकरचं, लिहीत होते.

पुढचे सहा दिवस त्यांनी रजा काढली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. सायकलवरून काकोरी, दुबग्गा, रेल्वेचं फाटक, कत्तलखान्यामागची गल्ली. दिसेल त्या तांबड्या कुत्र्याला "गुंड्या!" म्हणून हाक. कुत्री उठून शेपूट हलवत येत, कारण हाक मारणारा माणूस कुणालाही चालतो. मग ते "नाही रे, तू नाही" म्हणत आणि पुढे जात.

शनिवारी सक्सेनाजी आले. "भाभीजी से कह दीजिए, परसों फाटक खुला रह गया, निकल गया. इसमें क्या झूठ है? निकला तो है ही." राजाराम रात्रभर ते वाक्य मराठीत जुळवत राहिले. फार सोपं होतं. सतरा पत्रांनंतर अठरावं खोटं काय जड?

चारबागच्या फलाटावर लतिकाबाई उतरल्या. वाळलेल्या, उन्हानं रापलेल्या. हातात एक गाठोडं होतं. उतरल्या उतरल्या त्यांनी नवऱ्याच्या पायांपाशी बघितलं, मग त्याच्या मागं.

"बाहेर बांधलाय का? हे बघा, आईनं त्याला गोधडी शिवलीय. पडल्या पडल्या. माझ्या जुन्या साड्यांची. म्हणाली, राजारामरावांचा गुंड्या थंडीत कशावर झोपतो..."

राजारामांनी जुळवलेलं वाक्य तोंडाशी आणलं होतं. पण गोधडीचे टाके वाकडेतिकडे होते, उताणं पडून घातलेले. ते तिथंच, हमालांच्या गर्दीत, सगळं बोलून गेले. बस, झाड, खाँसाहेब, आठ दिवस. काही राखून ठेवलं नाही.

लतिकाबाईंनी सगळं ऐकलं. मग हमालाला "चलो" म्हणाल्या.

घरी तीन दिवस त्या कामापुरतं बोलल्या. चौथ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता त्यांनी विचारलं, "सगळी खोटी होती?"

"पहिली दोन खरी."

"त्यात तर तुम्ही दूधवाल्याचं लिहिलं होतं."

"हो."

"आणि तो पाण्यात वाकून बघतो ते?"

"ते खरं. पण आधीचं."

लतिकाबाईंनी लाटणं बाजूला ठेवलं आणि त्या पहिल्यांदा रडल्या. राजाराम दारात उभे राहिले. जवळ जावं की नाही, हे त्यांना कळलं नाही. त्यांच्या मते ती त्यांची दुसरी चूक.

दहा दिवसांनी मिरजेहून पोस्टकार्ड आलं. शेजाऱ्याच्या हातून लिहवून घेतलेलं. 'राजारामरावांस आशीर्वाद. गोधडी आवडली का त्याला? बऱ्याच दिवसांत त्याचं पत्र नाही. मी वाट बघते.' लतिकाबाईंनी ते नवऱ्यापुढं ठेवलं, शेजारी कोरं अंतर्देशीय ठेवलं, पेन ठेवलं.

"लिहा."

"अगं, पण..."

"तिला खरं सांगायची माझ्यात ताकद नाही. आणि तुम्ही आता सुटायचं नाही. लिहा."

राजारामांनी लिहिलं. पोस्टात टाकायच्या आधी लतिकाबाईंनी चष्मा लावून वाचलं आणि पेन्सिलीनं एक परिच्छेद खोडला. "मांजराच्या मागं कधी धावला होता तो? मांजराला घाबरायचा."

"जरा गंमत म्हणून..."

"गंमत नको. जसा होता तसा लिहा."

तेव्हापासून महिन्याला दोन पत्रं गेली. राजाराम लिहायचे, लतिकाबाई तपासायच्या. त्या पत्रांपुरतंच दोघांत त्याचं नाव निघे, एरवी नाही. कधी कधी "तिसरी फेरी उलटी, लिहिलंत का?" असं म्हणताना लतिकाबाईंना हसू येई आणि मग त्या उठून आत जात. एकदा, तीन-चार वर्षांनी, राजारामांनी थकून लिहिलं की गुंड्या आता म्हातारा झालाय, अन्न कमी झालंय. लतिकाबाईंनी तो कागद फाडला. "आई आहे तोवर त्याला काही व्हायचं नाही."

त्र्याऐंशीच्या जानेवारीत मिरजेहून तार आली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, रविवार होता, आणि राजाराम टेबलाशी बसून पत्रच लिहीत होते. लतिकाबाईंनी तार वाचली आणि त्या खुर्चीवर बसल्या. सक्सेनाजी येऊन गेले. तिकिटाचं बघायला त्यांनी आपल्या भाच्याला स्टेशनवर पाठवलं. दुपारी बांधाबांध करताना राजारामांची नजर टेबलावर गेली.

"या पत्राचं काय करू?"

लतिकाबाईंनी ते हातात घेतलं, उजेडाकडे धरून वाचलं.

"इथं तुम्ही त्याला जेवायला हाक मारलीय," त्या म्हणाल्या, "आणि पुढं काहीच नाही."

"तेवढ्यात तार आली."

त्यांनी कागद परत टेबलावर ठेवला आणि हातानं सारखा केला. "तसाच उपाशी ठेवू नका त्याला. तेवढं तरी पुरं करा."

राजारामांनी खुर्ची ओढली. पेनची शाई वाळली होती. त्यांनी निबेवर तोंडानं जरा वाफ सोडली आणि लिहायला घेतलं.